अपघाताला तीन वर्षं होत आली, आता घरी काय करता येतं?

ताई, तुमचं सगळं वाचलं. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात लिहितो. मिस्टरांचं वय ३८, आउटर रिंग रोडवर बाइकचा अपघात, डोक्याचं ऑपरेशन, त्याला आता तीन वर्षं होत आली. डावी बाजू कमजोर पण काठी धरून घरात चालतात, बोलणं बरं आहे, लग्नातलं सगळं आठवतं पण सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. दिवसभर पलंगावर मोबाईल, आंघोळीसाठी चार वेळा म्हणावं लागतं, मधेच एकदम भडकतात. फिजिओवाले रोज येऊन तासभर हातपाय हलवून देतात. डॉक्टर म्हणाले जे व्हायचं ते झालं. आता तुम्ही विचारताय की घरी काही होऊ शकतं का की पुण्या-मुंबईच्या सेंटरला ठेवावं, आणि गांधीबागेतल्या कापड दुकानाचे जुने शेठ म्हणून राहिले की दुकानात येऊन बसत जा, तर पाठवावं का.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं परत करायला शिकवणारा, नागपुरातच, आणि बरीच वर्षं मुख्यतः लोकांच्या घरी जाऊनच काम करतोय, मानेवाडा, दिघोरी, जरीपटका, अगदी कामठीपर्यंत. त्यामुळे जे लिहितोय ते घरातलं लिहितोय, हॉस्पिटलमधलं नाही.

डॉक्टरांचं वाक्य अर्धं बरोबर आहे. मेंदूची स्वतःहून होणारी भरपाई पहिल्या सहा महिन्यांत-वर्षभरात सगळ्यात जोरात असते आणि नंतर मंदावते, हे खरं. पण मेंदू भरून येणं वेगळं आणि माणूस एखादं काम परत करायला लागणं वेगळं. लंडनमध्ये एक अभ्यास झाला होता, २००२ साली छापला गेला, डोक्याला गंभीर मार लागलेल्या ११० लोकांवर, आणि त्यात मार लागून तीन महिने झालेले पण होते आणि वीस वर्षं झालेले पण. एका गटाच्या घरी थेरपिस्टची टीम आठवड्यातून साधारण दोनदा जायची, काही महिने, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपुस्तिका. घरी टीम जायची त्या गटाची स्वतःची कामं, दिवसाची आखणी, मनाची अवस्था जास्त सुधारली, आणि मार लागून किती वर्षं झाली याचा त्या सुधारणेशी संबंध दिसला नाही. नोकरी आणि मित्रमंडळी या बाबतीत मात्र फरक पडला नाही, हे पण त्यातच आहे, दुकानाच्या प्रश्नाच्या वेळी त्यावर परत येतो.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात जास्त खटकलेला शब्द, "आळशी झालेत". सासूबाई म्हणतात, शेजारचे म्हणतात, आणि तुम्हाला पण हळूहळू तसंच वाटायला लागलंय. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की माणसाची सुरुवात करायची ताकद जाते. इच्छा असते, कसं करायचं ते पण माहीत असतं, विचारलं तर "हो जातो आंघोळीला" म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात, पण उठायचं बटन दाबलंच जात नाही. म्हणून चार वेळा म्हणून काही होत नाही, पाचव्यांदा ओरडून होतं कारण ओरडणं म्हणजे बाहेरून दिलेला जोरदार धक्का. मग घरात तीच पद्धत पडते, ओरडल्याशिवाय काही होत नाही, आणि ते पण चिडायला लागतात. बाहेरून धक्का लागणारच आहे, तो ओरडण्याचा असायला पाहिजे असं नाही एवढंच. अलार्म चालतो, हातात टॉवेल देणं चालतं, रेडिओवरचा ठरावीक कार्यक्रम संपला की उठायचं हे चालतं. तोंडाने म्हणायचंच असेल तर "आंघोळीला जा" असं नाही म्हणायचं, "चला, पाय खाली घ्या" म्हणायचं. पहिली हालचाल सांगायची, पूर्ण काम नाही. एकदा पाय खाली आले की पुढचं बरंचसं आपोआप होतं, करून बघा.

घरचं रिहॅब म्हणजे मी काय म्हणतो ते सांगतो. लोकांना वाटतं कुणीतरी बॅग घेऊन येईल, व्यायाम घेईल, जाईल. तो एक तास झाला, उरलेल्या जागेपणीच्या तेरा-चौदा तासांचं काय? त्या तासांत सासूबाई घास भरवतात, शर्ट घालून देतात, पाणी हातात देतात. म्हणजे एक तास शिकवणं आणि तेरा तास विसरवणं. सासूबाईंना दोष देत नाहीये, आयसीयूबाहेर बसलेली आई आहे ती, तिला मुलगा जिवंत मिळाला हेच खूप. पण त्यांना "काही करू नका" म्हणू नका, त्यांना फार लागेल आणि त्या ऐकणार पण नाहीत. त्यांना काम द्या. शर्टाचं उदाहरण घ्या, आधी त्या सगळा शर्ट घालतील आणि फक्त शेवटचं बटन मुलाला लावू देतील. ते रोज जमायला लागलं की शेवटची दोन. मग तीन. मग उजवी बाही त्याची त्याने. शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं, म्हणजे प्रत्येक वेळी काम पूर्ण त्याच्या हातून होतं आणि आईला पण "माझ्यामुळे शिकला" असं वाटतं. (शर्ट घालताना आधी डावा, कमजोर हात, काढताना आधी उजवा. आणि एका हाताने बटन लावायला वेळ लागतोच, घाई असेल त्या दिवशी टी-शर्ट.)

एका वेळी एकच काम. हे मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक लोक पहिल्या आठवड्यात सहा कामं सुरू करून दुसऱ्या आठवड्यात सगळी बंद करतात. मिस्टरांनाच विचारा कोणतं. "बरं व्हायचंय", "गाडी चालवायचीय" असं उत्तर येईल, ते ठेवा बाजूला, विचारा की आज कोणती गोष्ट दुसऱ्याने केलेली आवडत नाही. बहुतेक पुरुष बाथरूमचं काहीतरी सांगतात. मग तिथून सुरू.

आणि शिकवताना चुकू द्यायचं नाही. हे जरा उलटं वाटेल कारण आपल्याकडे "चुकला की शिकतो" म्हणतात. ज्याची नवीन स्मरणशक्ती धड आहे तो चुकून शिकतो, कारण त्याला आठवतं की मी चुकलो होतो. ज्याला आठवतच नाही त्याच्या हातात ती चूकच बसते, दुसऱ्या दिवशी तेच करतो. बार्बरा विल्सन आणि अ‍ॅलन बॅडली यांनी १९९४ मध्ये स्मृती गेलेल्या लोकांवर हेच दाखवलं होतं, चुका न होऊ देता शिकवलेलं जास्त टिकतं. घरात याचा अर्थ असा, "आठवा बरं, आता काय घ्यायचं?" असं कोडं घालायचं नाही. पावडरचा डबा, साबण, टॉवेल रोज त्याच जागी, त्याच क्रमाने, अडण्याच्या आधीच बोटाने दाखवायचं, आणि काही दिवसांनी बोट दाखवणं थोडं उशिरा करत जायचं. रोज तेच, त्याच वेळी, तसंच. कंटाळवाणं आहे, पण हेच काम करतं. डोकं विसरतं तरी हाताची सवय बऱ्याचदा शाबूत असते, तिच्यावरच आपण भिस्त ठेवून राहिलो.

याच्याशीच जुळलेली एक गोष्ट, पाहुणे. आपल्याकडे भेटायला आलेला प्रत्येक माणूस पलंगाजवळ वाकून विचारतो, "ओळखलं का? सांग बरं मी कोण?" ही परीक्षा बंद करा. दारातच सांगून ठेवा की आल्या आल्या स्वतःचं नाव सांगा, "अरे मी काटोलचा मामा" आणि मग गप्पा. जुन्या गप्पा, लग्नातल्या, शाळेतल्या, जिथे ते जिंकतात. मुलालाही तेच, बाबांना "परवा सांगितलं होतं ना" असं म्हणायचं नाही, आणि बाबांवर लक्ष ठेवायचं काम तर नऊ वर्षाच्या पोराला अजिबात देऊ नका, त्याला बाबांसोबत कॅरम खेळू द्या.

आठवणीसाठी साधा पांढरा बोर्ड, एकच, आणि त्यावर फक्त आजचं. वार, तारीख, आज कोण येणार, जेवण झालं की टिक. मोबाईल हातात असतोच तर त्याचाच वापर, गोळीचा अलार्म, आणि अलार्मला आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप जोडता आला तर आणखी छान, तुमच्या मुलाचा आवाज लावा. बोर्ड कुठे लावायचा याआधी एक बघा. ताटात डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू तसंच राहतं का? दाढी डाव्या गालावर अर्धवट राहते का, चालताना डावा खांदा चौकटीला लागतो का? असेल तर डोळे चांगले असूनही मेंदू डाव्या बाजूकडे लक्षच देत नाहीये, उजव्या मेंदूला मार लागलेल्यांत हे बऱ्याचदा दिसतं. मग कामाचा बोर्ड उजवीकडे, आणि सरावासाठी ताटाच्या, वहीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि "लाल दिसेपर्यंत बघा" एवढंच म्हणायचं. घरचे म्हणतात जेवणाचे नखरे करतो, नखरे नसतात ते.

चिडण्याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय. एक वही करा आणि दोन आठवडे फक्त लिहा, चिडले कधी, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत घरात काय चाललं होतं, आणि नंतर तुम्ही काय केलं. नागपूरच्या घरांत एप्रिल ते जूनमध्ये या वहीत एक गोष्ट हमखास निघते, कूलर. डेझर्ट कूलरचा घरघराट, त्यावर वाढवलेला टीव्ही, त्याच्यावर कुकरची शिट्टी आणि या सगळ्याच्या वरून आपण स्वयंपाकघरातून ओरडून काहीतरी विचारतो. जखमी मेंदूला आवाज गाळता येत नाही, सगळे एकदम अंगावर येतात. बोलायचं असेल तेव्हा टीव्ही बंद, शक्य असेल तर कूलर दोन मिनिटं बंद, समोर येऊन, एका वेळी एक वाक्य. दुसरी निघणारी गोष्ट म्हणजे थकवा. डोक्याच्या मारानंतरचा थकवा कामाच्या मानाने खूप जास्त असतो, अर्धा तास गप्पा मारून माणूस गळतो आणि गळला की भडकतो. म्हणून अवघड काम सकाळी, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर आठ-साडेआठच्या आत सगळं उरकायचं, दुपारी सक्तीचा आराम, पाणी-ताक घड्याळ लावून, कारण तहान लागली तरी ते स्वतःहून उठून घेणार नाहीत, तीच सुरुवातीची अडचण. भडकलेच तर त्या क्षणी समजावू नका, वाद घालू नका, विषय बदला किंवा खोलीतून बाहेर या. नंतर त्यांना बऱ्याचदा आठवत पण नाही, मग तुम्हीच दिवसभर ते मनात घेऊन फिरता.

आणि गोळ्यांची चिठ्ठी बघा. फिट्स येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू असेल तर त्या गोळीने काही लोकांत चिडचिड वाढते, हे माहीत असलेलं आहे. स्वतःच्या मनाने एक गोळी सुद्धा बंद करायची नाही, फिट येऊन पुन्हा डोकं आपटलं तर सगळं वाया. पण ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि स्पष्ट विचारा की चिडचिड यामुळे असू शकते का, बदलता येईल का. झोपेच्या, शांत करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं पण विचारा, त्या माणसाला आणखी सुस्त करतात.

फिजिओवाल्यांना काढू नका, फक्त त्यांना सांगा की झोपवून हातपाय हलवण्याऐवजी पलंगावरून उठणं, कमोडवरून उठणं, उंबरठा ओलांडणं याचा सराव घ्या, आणि शेवटची दहा मिनिटं तुम्हाला शिकवा. काठी उजव्या हातात. डाव्या हाताला धरून ओढून कुणीही उठवायचं नाही, लाडाने पण नाही, खांदा निखळतो आणि मग दुखणं महिनोन्महिने जात नाही. कोपर किंवा बोटं घट्ट आखडत असतील तर फिजिकल मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा, त्याला औषधं आहेत, बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत.

बाथरूममध्ये हलका प्लास्टिकचा स्टूल नको, सरकतो. पाठ असलेली आणि पायांना रबरी बूट असलेली खुर्ची घ्या. पकडायची दांडी भिंतीत ड्रिल करून, उजव्या हाताला येईल अशी, टॉवेलची दांडी धरून उठले तर ती भिंतीतून निघते. गिझरचं पाणी आधी उजव्या हाताने बघायचं, डाव्या बाजूला चटका कळत नसेल. दाराला आतून कडी नको.

आणखी एक जे कुणी विचारत नाही, वास. डोक्याला मार लागल्यावर वास जाणं बऱ्यापैकी कॉमन आहे आणि पेशंट स्वतः सांगत नाही. डोळे मिटून हिंग, कॉफी, अगरबत्ती हुंगायला द्या. वास येत नसेल तर एकट्याने गॅस पेटवायचा नाही, हे पक्कं ठरवा, लिक झालेला कळणारच नाही त्यांना. चहा शिकवायचाच असेल तर इंडक्शनवर.

खर्रा (तंबाखू-सुपारीचा) मागतात म्हणून लिहिलंय. मला माहितीये की नागपुरात खर्रा बंद करा म्हणणं म्हणजे काय, पण पाणी पिताना ठसका लागतो असंही तुम्हीच लिहिलंय, आणि ज्याला गिळायचा त्रास आहे त्याच्या तोंडात सुपारीचा भुगा म्हणजे श्वासात जायची भीती. हे नाही म्हणजे नाही. दारूचं पण तेच, तिने फिट्सची भीती. ठसक्यासाठी एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवा, तोपर्यंत ताठ बसून, हनुवटी जरा खाली, छोटे घोट, टीव्ही बंद. बाइकची चावी घरात ठेवू नका, भावाकडे द्या. यूपीआय तर आजच बघा, रात्री पलंगावर पडल्या पडल्या गेममध्ये पैसे गेलेली बरीच घरं पाहिली आहेत. त्यांचं वेगळं खातं, त्यात हजार-पाचशे, मोबाईलला तेवढंच जोडलेलं. सगळा पैसा काढून घेतला तर भांडण, थोडा ठेवला तर सराव.

हे सगळं करताना एक लक्षात ठेवा, उलटा प्रवास दिसला तर घरी उपाय करत बसायचं नाही. चालणं पुन्हा बिघडलं, लघवी कपड्यात व्हायला लागली, आणखी सुस्त झाले, तर मेंदूत पाणी साचलेलं असू शकतं आणि त्याचा इलाज होतो. डोकेदुखी, उलट्या, गुंगी, नवीन फिट, तर सरळ हॉस्पिटल. ऑपरेशनमध्ये कवटीचा तुकडा काढला असेल आणि अजून परत बसवला नसेल तर तो विषय न्यूरोसर्जनकडे काढा, तोपर्यंत चालताना डोक्याला हेल्मेट. खूपच थकवा असेल तर हार्मोनची रक्ततपासणी होऊ शकते का हे पण विचारा, पिट्यूटरीला (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) मार लागलेला कधीकधी उशिरा कळतो.

कागदपत्रं पटकन सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूची इजा असा वेगळा प्रकार नाही, म्हणून लोक परत येतात. हातापायाची, बोलण्याची, मानसिक-बौद्धिक जी अडचण असेल त्या नावाने स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज करायचा, तपासणी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत. चाळीस टक्के अपंगत्वाची रेषा महत्त्वाची, म्हणून जाताना फक्त हातपाय दाखवू नका, विसरणं-चिडणं याचेही कागद सोबत न्या. अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये चालू असेल तर वकिलांना सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च आणि पुढच्या उपचारांचा खर्च मागायला सांगा. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वर्षांच्या हिशेबाने धरला होता. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळू शकतो.

सेंटरचं माझं मत असं. काही आठवड्यांसाठी, ठरावीक गोष्टीसाठी, आणि तुम्हाला सोबत राहून शिकू देत असतील तर जा. वर्षभर ठेवण्यासाठी नको, कारण तिथल्या बाथरूममध्ये शिकलेलं तुमच्या घरच्या बाथरूममध्ये आपोआप येत नाही, या पेशंटांत तर नाहीच. तोच पैसा आठवड्यातून एक-दोनदा घरी येणाऱ्या ओटीवर आणि दिवसातल्या चार तासांच्या मदतनीसावर घाला. ते चार तास तुमचे आहेत हे सासूबाईंसमोर आधीच ठरवून टाका. तुम्ही लिहिलंय की नवरा समोर आहे आणि तरी नाही असं वाटतं, रडू येतं. येणारच. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुमच्यासाठी लावा.

आता दुकान. पाठवा, पण "येऊन बसा" या बोलीवर नको. नुसतं बसवलं तर तिथेही मोबाईल, आणि गिऱ्हाईक विचारणार "काय झालं हो यांना". शेठना भेटून तुम्हीच काम ठरवा, ज्याला सुरुवात-शेवट आहे, जे आधी हजारदा केलंय. कापडाच्या घड्या एका हाताने पण होतात, टेबलाला टेकवून. किंवा साड्यांचे बॉक्स रंगाप्रमाणे लावणं. गल्ला नाही, उधारी नाही, दिवाळीची गर्दी नाही. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दुकान उघडतं तेव्हाचा एक तास, ऑटोने, सोबत कुणीतरी, आणि शेठच्या ड्रॉवरमध्ये दोन ओळींचा कागद, फिट आली तर काय करायचं आणि कुणाला फोन. मागे सांगितलेल्या अभ्यासात कामधंद्याच्या बाबतीत फरक दिसला नव्हता, म्हणून पगाराची आशा आत्ता कुणाला लावू नका, शेठनाही नाही आणि सासूबाईंनाही नाही. पहिला महिना शेठकडून एवढंच विचारून घ्या की आलेल्या दिवशी त्यांनी न सांगता पहिली घडी कधी घातली का. घातली असेल तर मला कळवा, पुढचं काम तिथूनच ठरवू.